होळीनंतरची गार : लातूर ते वसमत, पाच दिवस

दिवस पहिला : लातूर ते अंबाजोगाई

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते आणि उरलीसुरली होळीत जळते असं आमच्याकडं म्हणतात, त्यामुळं होळी होऊन आठ दिवस झाल्यावर बॅगेत स्वेटर टाकायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. आमच्याही नाही आलं. टोप्या, ग्लुकोजचे पुडे, बापूंच्या (माझ्या वडिलांच्या) गुडघ्याचं तेल आणि ताईसाठी आईनं दिलेला येसराचा (आमटीच्या मसाल्याचा) डबा एवढंच सामान. लातुरातून निघालो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि गाडीच्या स्टीअरिंगला हात लावला की चटका बसत होता.

ताई वसमत तालुक्यातल्या एका गावात दिलेली आहे. तिच्याकडं हळद शिजवायचं काम चालू होतं आणि बापूंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं तिकडं जाता आलं नव्हतं, म्हणून मी चार दिवसांची सुट्टी टाकली, पुढं रविवार होताच, आणि ठरलं असं की सरळ नांदेडवरून न जाता अंबाजोगाई, परळी, गंगाखेड, परभणी असं पाव्हणेरावळे करत जायचं, नंतर औंढा नागनाथ आणि नरसीला नामदेव महाराजांचं दर्शन घेऊन परत यायचं. यातलं औंढा आणि नरसी राहून गेलं, ते का ते पुढं येईलच.

रेणापूरच्या पुढं दोन्ही अंगाला ज्वारीची काढणी चालू होती. काही रानात कणसं मोडून ढीग लावलेले, काही ठिकाणी ताटं अजून आडवी पडलेली, आणि बापू दर दोन किलोमीटरला "हे वाळलंय, हे अजून आठ दिवस आहे" असं सांगत होते. ते शिक्षक होते, शेतकरी नव्हे, पण मराठवाड्यातल्या मास्तराला शेती बघून कळतेच. आभाळ पार निरभ्र होतं.

अंबाजोगाईला आत्याकडं मुक्काम. योगेश्वरीचं दर्शन घेतलं, मुकुंदराजाच्या समाधीकडं जायचं मात्र बापूंच्या गुडघ्यामुळं टाळलं. आत्याचं घर जुनं आहे, पुढं स्लॅब आणि मागं माळवदाची एक खोली शिल्लक आहे. ज्यांना माळवद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लाकडी सरं, त्याच्यावर फळ्या आणि त्याच्यावर हात-दीड हात मातीचा थर, असं आमच्याकडचं जुन्या घरांचं छत असायचं. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार. पण बापू माळवदाखाली झोपत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपासून कधीच झोपले नाहीत, आणि आत्याला ते माहीत असल्यानं तिनं न विचारताच त्यांची बाज अंगणात टाकली.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा बापू औसा तालुक्यातल्या एका शाळेवर होते. त्या भूकंपाबद्दल लोकांनी भरपूर लिहिलंय, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराला हादरा, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपेतल्या माणसांवर पडली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बापूंनी त्या रात्री अंगणात पडल्या पडल्या जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाले, लोक त्या पहाटेचं बोलतात, मला त्याच्यानंतरचा हिवाळा आठवतो. ज्यांना आयुष्यभर हातभर मातीच्या छताखाली झोपायची सवय, ती माणसं एकदम पत्र्याच्या शेडमध्ये आली. पत्रा दिवसा तापतो आणि रात्री बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. मार्गशीर्षात पहाटे पहाटे पत्र्याला आतून दव सुटायचं आणि थेंब थेंब पांघरुणावर पडायचं. "पोरं उठायची की म्हणायची, गुरुजी, घर गळलालंय, पाऊस पडलालाय का? आन बाहेर बघावं तर आभाळात चांदण्या."

पांघरुणंही लोकांची स्वतःची नव्हती, राज्यभरातून गाड्या भरून आलेली. म्हातारी माणसं दुसऱ्याच्या घरची चादर अंगावर घ्यायला संकोच करायची असं बापू म्हणाले. शाळेत सकाळी पहिला तास उन्हातच बसवायचे, हजेरी घेताना मुलांच्या दातांचा आवाज यायचा, आणि ज्या नावाला हजर म्हणणारं कुणी उरलं नव्हतं ते नाव वाचायचं की नाही हे त्यांना कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

यानंतर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. आत्या आतून पाणी घेऊन आली.

मला झोप लागेना, म्हणून विचार करत बसलो. आमच्याकडं दुष्काळाची सालं सगळ्यांना पाठ आहेत, बहात्तरचा तर ज्याचा जन्म त्याच्यानंतर झाला तोही डोळ्यांनी बघितल्यासारखा सांगतो. थंडीचं साल मात्र कुणी सांगत नाही, कारण मराठवाडा म्हणलं की ऊन आणि टँकर हेच बाहेरच्यांना दिसतं आणि आता आम्हालाही तेच दिसायला लागलंय. मग ठरवलं की वाटेत जो भेटेल त्याला विचारायचं, तुम्हाला सगळ्यात जास्त थंडी कधी वाजली?

दिवस दुसरा : अंबाजोगाई ते परभणी

सकाळी आत्यानं धपाटे आणि दही खाऊ घातलं, बरोबर वाटेसाठीही बांधून दिले. तिला प्रश्न विचारला तर तिचं उत्तर सोपं होतं, म्हणाली बाळंतपणात पौष महिना होता, त्याच्यापुढं दुसरी थंडी नाही.

परळीला वैजनाथाच्या पायऱ्या बापू हळूहळू चढले, दर्शनाला गर्दी नव्हती. गंगाखेडला जनाबाईचं दर्शन, गोदावरीच्या पात्रात पाणी होतं पण ऊन एवढं की घाटावर पाय ठेववेना, दहा मिनिटात परत गाडीत. परळी-गंगाखेड रस्त्याबद्दल काही लिहीत नाही, जे गेलेत त्यांना माहीत आहे.

परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात माझा शाळेतला मित्र कामाला आहे. त्याच्याकडं मुक्काम, आणि माझा थंडीचा प्रश्न ऐकल्यावर तो एकदम खूश झाला, चहा प्यायच्या आधीच आम्हाला वेधशाळेकडं घेऊन गेला. तिथं ती जाळीजाळीची पांढरी लाकडी पेटी असते ना, चार पायांवर उभी केलेली, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, तिच्यात तापमापक असतात. ऊन थेट लागू नये पण वारं फिरावं म्हणून तशी पेटी. पेपरात "परभणी गारठली" असं छापून येतं त्यातला आकडा असल्याच पेटीतून येतो. आणि गवतावर, जमिनीला लागून तापमापक ठेवला तर तो पेटीतल्यापेक्षा आणखी कमी दाखवतो, म्हणजे पिकाच्या पायाशी असलेली थंडी पेपरातल्या थंडीपेक्षा जास्त असते. हे मला माहीत नव्हतं, आणि इतकी वर्षं पेपर वाचून माहीत नव्हतं याचं वाईट वाटलं.

थंडीच्या दिवसात परभणीचं नाव कायम वर का असतं, तर तो म्हणाला समुद्र लांब, मुलूख सपाट आणि उघडा, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, मग दिवसभर जमिनीनं घेतलेली ऊब रात्री अडवायला वर काहीच नसतं, सगळी निघून जाते. ढग असले की ते पांघरुणासारखे काम करतात. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथला पारा तीन अंशांच्या आसपास गेला होता, तो आठवडा त्याच्या चांगला लक्षात आहे. पहाटे पेटी उघडायची म्हणजे कडी बोटाला चिकटते की काय असं वाटायचं. त्याच थंडीत नांदेडकडं अर्धापूरच्या भागात केळीवाल्यांची झोप उडाली होती, कारण पारा दहाच्या खाली बरेच दिवस राहिला की केळीची वाढ थांबते, नवीन पान सुटत नाही आणि घडाच्या सालीखाली काळपट-तांबूस रेषा येतात, मग व्यापारी भाव पाडतो. शेतकरी रात्री बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात आणि पहाटे पाणी सोडतात, कारण विहिरी-बोअरचं पाणी हवेपेक्षा गरम असतं.

संध्याकाळी त्याच्या गच्चीवर बसलो होतो. पश्चिमेला नुसत्या पिसासारख्या ढगांच्या रेघा, हवा एकदम कोंडलेली, घाम सुकत नव्हता. मित्रानं मोबाईलवर अंदाज दाखवला, परभणी, हिंगोली, नांदेड, विजांसह पाऊस आणि काही ठिकाणी गारपीट. मी म्हणलं मार्चमध्ये एवढं ऊन असताना गार कशी? तर त्यानं जे समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो.

मार्चमध्ये खाली जमीन तापलेली असते पण वर अजून हिवाळाच असतो. उत्तरेत ते पश्चिमी विक्षोभ येतात, भूमध्य समुद्राकडून निघून इराण-अफगाणिस्तानवरून हिमालयावर जाणारे, त्यांच्यामुळं काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो. एखादा जोरदार असला आणि उशिरा आला की त्याच्या मागचं कोरडं थंड वारं वरच्या थरात पार महाराष्ट्रापर्यंत उतरतं. इकडं खालून बंगालच्या उपसागराकडून दमट वारं येत असतं. दोन्ही आमच्या डोक्यावर भिडतात. तापलेली दमट हवा उफाळून वर जाते, ढग दहा-बारा किलोमीटर उंच होतो, आणि त्याच्यात पाण्याचे थेंब शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहिलेले असतात, ते बर्फाच्या कणाला लागले की तिथंच गोठतात. वर चढणारं वारं कणाला खाली पडू देत नाही, तो तरंगत राहतो आणि थरावर थर चढत जातात. मग वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. मे महिन्यात गार पडत नाही असं नाही, पण तेव्हा ती वाटेतच बरीच वितळते, फेब्रुवारी-मार्चमध्ये गोठायची पातळी खाली असते म्हणून ती न वितळता आख्खी जमिनीवर येते.

"म्हणजे काश्मीरात जेव्हा अवेळी बर्फ पडतोय ना, तेव्हा इकडं आपण सावध राहायचं," तो म्हणाला.

ताईला लगेच फोन लावला. ती म्हणाली, अर्धी हळद शिजवून झाली, दहा दिवसांपासून वाळत घातलीय, अर्धी अजून शिजायची. दाजींनी ताडपत्र्या आणून ठेवल्यात. "तुम्ही या लवकर, दुपारच्या आत या."

दिवस तिसरा : वसमत

सात वाजताच निघालो. मित्राच्या बायकोनं चुरमुऱ्यांचा सुशीला करून दिला होता, तो गाडीतच खाल्ला. वसमत येईपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं आणि आभाळ स्वच्छ होतं, त्यामुळं मला वाटलं टळलं.

ताईच्या आखाड्यावर (आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात) हळदीचा वास फाटकापासूनच येत होता. ज्यांनी हळद फक्त डब्यात बघितलीय त्यांना कल्पना येणार नाही, शिजलेल्या ओल्या हळदीचा वास जरासा आंबूस-मातकट आणि गरम असतो, कपड्यातून चार धुण्यात जात नाही. चार ड्रमचा वाफेचा कुकर भाड्यानं आणलेला, त्यात हळकुंडं आणि गड्डे वेगळे शिजवायचे, आणि मग पसरून बारा-पंधरा दिवस कडक वाळवायचे, आपटल्यावर खण्ण आवाज आला पाहिजे. मग ढोलात पॉलिश आणि मग वसमत नाही तर हिंगोलीचं मार्केट. आता वसमतच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय त्याचं दाजींना फार कौतुक आहे, आल्या आल्या बापूंना तेच सांगितलं. नऊ महिन्यांचं पीक, आणि सगळा भाव ठरतो तो या शेवटच्या पंधरा दिवसात. वाळताना भिजली की रंग जातो, बुरशी धरते.

दीड वाजता जेवलो. अडीचला दाजी बाहेर गेले आणि तिथूनच ओरडले, "उठा! आभाळ आलंय!"

वायव्येकडून निळसर काळा, आणि खालच्या कडेला हिरवट झाक असलेला ढग. बापू म्हणाले हा पाण्याचा रंग नाही. आम्ही सगळे पळालो. दाजी, ताई, भाचा, ताईचे थोरले दीर नाना, सालगडी, हळद शिजवायला आलेल्या पाच बाया आणि मी. घमेल्यानं, पाट्यांनी, हातानं, जमेल तसं हळद ओढून ढीग करायचा आणि वर ताडपत्री टाकायची. निम्मी झाली असेल नसेल, तेवढ्यात वावधान सुटलं. वाऱ्यानं एक ताडपत्री दगडांसकट उचलली आणि ती कडुलिंबाच्या झाडावर जाऊन अडकली. मग टपटप चार थेंब आणि लगेच पहिली गार माझ्या पाठीत बसली.

दाजींनी सगळ्यांना पत्र्याखाली पिटाळलं. पत्र्यावरचा तो आवाज मी शब्दात सांगू शकत नाही, ताई माझ्या कानाजवळ तोंड आणून बोलत होती आणि मला नुसते तिचे ओठ दिसत होते. आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. लिंबाच्या झाडाचा पाला खाली येत होता, शेजारचा उभा गहू आमच्या डोळ्यांदेखत आडवा झाला. बारा-तेरा मिनिटं असेल. थांबलं तेव्हा सगळं शिवार पांढरं होतं. बांध दिसत नव्हते. टीव्हीवर बघतो तसं.

भाच्यानं मोबाईल काढला होता. तो तेरा वर्षांचा आहे, त्यानं असं कधी बघितलेलं नाही, मी त्याला काही बोललो नाही. पण नाना एकदम ओरडले, "फोटो नगं! आधी गार काढा हळदीवरची, वितळायच्या आत काढा!"

आणि हे मला सुचलंच नसतं. गार पडल्यानं हळकुंड फुटत नाही, नुकसान करते ती वितळल्यावर. म्हणजे अर्धा-पाऊण तास हातात होता. खराटे, फावडी, सुपं जे मिळेल ते घेऊन आम्ही उघड्या राहिलेल्या हळदीवरच्या गारा ओढून काढायला लागलो, पण फावड्यानं हळदही यायला लागली म्हणून शेवटी सगळे हातानंच. खाली पिवळी हळद आणि वर पांढऱ्या गारा, आणि हात लागला की गारा पिवळ्या व्हायच्या. पाच मिनिटात बोटं बधिर, दहा मिनिटात बोटं आहेत की नाही तेच कळेना. बाया साडीच्या पदराला हात पुसून परत घालत होत्या. बापूंना आम्ही बसा म्हणलं तर ते गुडघा लांब करून जमिनीवरच बसले आणि समोरची हळद वेचत राहिले, पंच्याहत्तरीचा माणूस.

काम संपल्यावर मी चुलीकडं धावलो हात शेकायला, तर नानांनी मनगट धरलं. नाना सैन्यात होते, सतरा वर्षं, त्यातली बरीच काश्मीरात. म्हणाले एकदम विस्तवावर हात धरायचे नाहीत, बधिर हाताला चटका कळत नाही आणि कातडी जळते. आधी कोमट पाणी. ताईनं घंगाळात कोमट पाणी आणलं आणि आम्ही आळीपाळीनं हात घातले, बापूंचे आणि त्या बायांचे आधी. हाताला जीव येताना जी कळ येते ती गारेच्या मारापेक्षा वाईट.

संध्याकाळी जमिनीवरून धुकं उठायला लागलं. सकाळी पंख्याखाली बसलेली माणसं आम्ही, आता दाताला दात लागत होता. स्वेटर कुणाकडंच नाही. ताईनं माळ्यावरून वाकळी काढल्या, जुन्या लुगड्यांच्या जाड वाकळी, होळीनंतर धुऊन ठेवून दिलेल्या. बायांना गावात जाता येईना, ओढ्याला पाणी आलेलं, त्याही राहिल्या. पिठलं-भाकर केली आणि सगळे आखाड्याच्या मोठ्या खोलीत शेकोटी करून बसलो.

तिथं मी माझा प्रश्न विचारला.

सगळ्यात आधी एक बाई बोलल्या, साधारण पन्नाशीच्या. म्हणाल्या, थंडी ऊसतोडीवाल्याला विचारा भाऊ. दिवाळी झाली की कोयता घेऊन निघायचं, फडात पाचटाची कोपी, खाली भुई. गाडी रात्री कधीही यायची, दोनला येवो का तीनला, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. पौषात उसाच्या पानावर दव असतं, ते मानेवरून पाठीत उतरतं. "लेकरू कोपीत झोपलेलं, त्याच्या अंगावर आपलंच लुगडं टाकून आलेलं, मंग आपल्या अंगावर काय? ती थंडी." त्या बारा वर्षं गेल्या उसाला, आता मणक्यामुळं जात नाहीत.

नंतर नाना. ते फार बोलत नाहीत, ताई म्हणते लग्नात पण बोलले नव्हते. त्यांनी हिवाळ्यातल्या बर्फाचं काही सांगितलं नाही. म्हणाले, डिसेंबर-जानेवारीचा बर्फ तिकडच्या माणसाला हवाच असतो, त्याच्यावर उन्हाळ्याचं पाणी असतं. पण एका वर्षी एप्रिल लागला होता, बदामाचा फुलोरा होऊन गेलेला, सफरचंदाची झाडं फुलावर आलेली, आणि एका रात्री बर्फ पडला. बर्फ पडताना आवाज होत नाही, सकाळी उठेपर्यंत कळतही नाही. ओला जड बर्फ होता, फुलं लगडलेल्या फांद्या वजनानं मोडल्या. चौकीच्या खाली एक म्हातारा बागवान होता, तो लांब काठीनं एकेक फांदी हलवून बर्फ पाडत फिरत होता, एकटाच, पहाटेपासून. "आमी दोघं-तिघं गेलो त्याच्या मदतीला, साहेबाला इचारून. त्याला आमची भाषा येत नव्हती. मला तवा घरची आठवण आली, मागं गारपिटीत आमचा बाप असाच गव्हात हिंडला होता."

म्हणून त्यांना सुचलं होतं, वितळायच्या आत काढा.

दिवस चौथा : वसमत

पहाटे मी बाहेर आलो तर बांधाच्या सावलीच्या अंगाला गारांचे थर अजून तसेच होते, एकमेकींना चिकटून साखरेच्या खड्यासारखे झालेले. एक मोठी गार घेऊन मी विळ्यावर धरली, आत कांद्यासारखी वलयं, एक दुधी, एक काचेसारखं. मित्रानं सांगितलं होतं तसंच. लिंबाखाली दोन साळुंक्या आणि एक पोपट मरून पडला होता. भाच्यानं त्यांना खड्डा करून पुरलं.

दाजी म्हणाले २०१४ ला याच्या दसपट होतं. तेव्हाचं मलाही आठवतं, फेब्रुवारी संपता संपता सुरू झालं आणि मार्चच्या मध्यापर्यंत थांबेना, आज या तालुक्यात तर उद्या त्या. एकदा झोडपलेल्या रानावर परत चार दिवसांनी यायची. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्ष, डाळिंब, मोसंबी काही राहिलं नाही. ज्वारी काळी पडली, कडबासुद्धा जनावरं तोंड लावेनात. चिंचेखाली कावळ्या-पोपटांचा खच. आणि ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, त्यामुळं मदत मिळणार की नाही, कधी मिळणार, याचीच चर्चा गावोगाव. दाजींनी त्या वर्षी म्हैस विकली. ताई तेव्हा नवीन होती घरात, तिनं आम्हाला फोनवर "थोडं नुकसान झालंय" एवढंच सांगितलं होतं. हे खरं किती होतं ते आम्हाला काल कळलं, माहेरी यायला सुद्धा तिच्याकडं त्या भाऊबीजेला पैसे नव्हते आणि ती बरं वाटत नाही म्हणून आलीच नव्हती. मला ती न आल्याचा राग आला होता. इतकी वर्षं तो राग माझ्या मनात होता हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं.

दिवसभर कामच केलं. गव्हाच्या नुकसानीची सूचना पीकविम्यासाठी तेव्हा ७२ तासांच्या आत द्यावी लागत होती, ॲपवर फोटो टाकायचे, गट नंबर टाकायचा, रेंज आली की गेली, शेवटी भाचा लिंबावर चढून बसला तेव्हा ते फोटो गेले. आजूबाजूच्या सात-आठ जणांचे अर्ज मी आणि त्यानं मिळून भरून दिले. दुपारी ऊन पडलं, तसं ताडपत्र्या सोडल्या आणि हळद परत पसरली. भिजलेली वेगळी, कोरडी वेगळी. निम्म्याहून जास्त वाचली होती. भिजलेल्यातली किती रंग धरते ते आठ दिवसांनी कळणार.

औंढ्याला जाऊन येऊ का असं दाजींनी विचारलं, बापू म्हणाले नको, नागनाथ कुठं जात नाही.

दिवस पाचवा : परत लातूर

निघताना ताईनं एक वाकळ बापूंच्या मांडीवर ठेवली, आम्ही नको म्हणत असताना. अर्धापूरवरून नांदेडला आलो, केळीच्या बागा रस्त्यावरून दिसत होत्या, पानं फाटून चिंध्या झालेली काही, काही अगदी धड, मधे फक्त एक रस्ता. गारेचा पट्टा असाच असतो, एकाला धुतो आणि शेजाऱ्याला शिवत नाही. नांदेडला चहा घेतला आणि पुढं न थांबता लातूर. लातुरात छत्तीस डिग्री, आईला आधी खरंच वाटेना, मग तिनं आमचे हात बघितले. नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या.

बापू रोज रात्री कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात काहीतरी लिहितात, दूधवाल्याचा खाडा, पेन्शन, लग्नं. पाच दिवसांचे चौकोन रिकामे राहिले होते ते त्यांनी बसून भरले. तिसऱ्या दिवशीच्या चौकोनात लिहिलंय : वसमत. गार, दु. २.४० ते २.५३. लिंबाएवढी. रात्री थंडी, वाकळ घेतली. माणसं बारा, सगळी सुखरूप.

आठव्या दिवशी ताईचा फोन आला. भिजलेल्यातली दोन पोती काळी पडली, बाकीची वाजायला लागलीय.